शेवटून दुसरं घर

वर्षाला एक पुस्तक आणि त्याच्या सात प्रती, याहून जास्त काम मनकर्णा औताडेच्या हातून कधी झालं नाही, आणि तिला त्याची घाईही नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, चार वाजता सुटायची, आणि गारखेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी येऊन चहा घेतला की पुढच्या खोलीत कामाला बसायची. त्या खोलीत गुलमंडीतल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं, हातानं ओढायचं जुनं मशीन होतं. दौलताबादपलीकडच्या कागजीपुऱ्यातून ती हातकागद आणायची, लिनोलियमच्या तुकड्यांवर कोरणीनं चित्र कोरायची, त्यावर शाईचा रूळ फिरवून एकेक पान स्वतः छापायची, आणि पानं वाळली की गुलमंडीमागच्या बोळातल्या भिकनकडं शिवायला न्यायची. आजवर तिनं शहरातल्या पाण्याच्या जुन्या मनोऱ्यांचं एक पुस्तक केलं होतं, एक हातगाड्यांचं, एक नुसत्या कुलपांचं. एक प्रत स्वतःला, एक भिकनला, उरलेल्या ओळखीच्यांकडं जायच्या, आणि ज्यांच्याकडं जायच्या ते त्या मांडीवर घेऊन हळूहळू उलटत बसायचे.

घाटशेवरीचं पुस्तक करायचं डोक्यात आलं ते दगडाबाईमुळं. दगडाबाई शाळेत सेविका होती आणि त्या साली मार्चमध्ये निवृत्त झाली. साठीला आलेली, काटक, कमी बोलणारी धनगराची बाई. नवरा सांडू मेंढरं राखायचा, तो धरणाच्या आधीच गेला. पैठणला गोदावरीवर धरण झालं आणि घाटशेवरी पाण्याखाली गेली, तेव्हा गावातले बाकीचे लोक नव्या जागेवर, नव्या घाटशेवरीत राहायला गेले. दगडाबाई मात्र एकटी शहरात आली आणि पुन्हा तिकडं फिरकली नाही. निरोपाच्या दिवशी चहा झाल्यावर मनकर्णानं सहज विचारलं, “मावशी, आता गावाकडं जाणार का?” तेव्हा ती हसली.

“कुठल्या गावाला, बाई? तिथं आता मासे ऱ्हात्यात.”

त्या उन्हाळ्याच्या सुटीत रोज सकाळी दगडाबाई गारखेड्याला यायची आणि पुढच्या खोलीतल्या फरशीवर कोळशानं आपली आळी काढून दाखवायची. नदीच्या अंगाची ती खालची आळी, सगळ्यात आधी बुडालेली. पंधरा घरं. कुणाच्या दाराला किती पायऱ्या, कुणाचा ओटा फुटका, कुणाच्या माळवदावर दगड ठेवलेले, कुणाच्या खिडकीला गज नव्हते तर बाभळीची फांदी आडवी ठोकलेली, हे सगळं तिला असं पाठ होतं की मनकर्णानं एखादी पायरी चुकवली तर ती पुसून दाखवायची. “तीन. चौथी नाय. चौथीवर मी पडले असते ना.” चौदावं घर कारभारी पाटलाचं, दगडी, मोठं, त्याच्यापुढं मेंढरं बसायची मोकळी जागा, आणि त्या जागेपलीकडं, आळीच्या शेवटी, नदीकडं पाठ करून दगडाबाईचं एकखणी मातीचं घर.

आपल्या घराचं सांगताना ती थांबत थांबत सांगायची. पोलीस ॲक्शन झाली त्या साली आवडी पोटात होती. गावातले लोक ज्वारीत लपून बसले होते, पण हिला नववा महिना, हिला कुठं जाता येईना, म्हणून सांडू दाराला आतून खाट लावून बसला आणि आवडी त्याच घरात झाली. ही एकच मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. त्याच्या आदल्या दिवाळीला घर सारवताना तिनं दाराशेजारच्या ओल्या भिंतीवर आपला पंजा दाबला होता, आणि पुढं सोळा-सतरा वर्षं, पाणी येईपर्यंत, दगडाबाई दर सणाला तेवढा पंजा सोडून भोवतीनं सारवत राहिली.

“तिचा फोटू नव्हता काढलेला,” ती म्हणाली. “तेवढाच व्हता.”

मनकर्णानं तो पंजा कोरला तेव्हा तिला वाटलं की हे पुस्तक आपल्या आजवरच्या पुस्तकांहून वेगळं होणार. भाद्रपद संपला तरी त्या वर्षी पावसाचं चिन्ह नव्हतं. कोरडी हवा, शाई झकास वाळत होती. दिवाळीच्या आधी पंधराही ठसे तयार झाले आणि मांडणी दाखवायला ती भिकनकडं गेली. भिकन सत्तरीचा, चष्म्याला दोरी बांधलेला बाइंडर होता. निजामाच्या काळात त्यानं उर्दू दप्तरं शिवली होती आणि तीच भाषा अजून त्याच्या तोंडात होती.

“बाई, आठ पानांचा एक जुज,” घड्या मोजत तो म्हणाला. “दोन जुज म्हणजे सोळा. तुमची पंधराच हैत. एक पान कोरं जाईल.”

“राहू द्या ना कोरं.”

“शेवटाला कोरं आलं तर चालतंय. पर मग किताब संपल्यासारखी वाटत नाही. बघा बुवा तुम्ही.”

तिनं बघितलं. शेवटचं पान दगडाबाईच्या घराचं, त्यावर पंजा. त्यानंतर काही यायला नको होतं. मध्ये कुठं कोरं पान टाकलं तर आळीत दात पडल्यासारखं दिसत होतं. दोन दिवस तिनं निरनिराळ्या तऱ्हेनं पानं मांडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, एका रविवारच्या दुपारी, कारभारी पाटलाचं घर आणि दगडाबाईचं घर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तिनं आपल्या मनानं एक घर बांधून टाकलं.

पान भरायचं एवढाच हेतू होता. पाटलाच्या घराच्या उभ्या-आडव्या रेषांनंतर डोळ्याला एखादा गोल आकार हवा होता, म्हणून तिनं ओट्याशेजारच्या भिंतीत जात्याची एक तळी उभी बसवली. दार दोन फळ्यांचं, त्यातली एक फळी वीतभर आखूड, कारण खालच्या फटीत अंधाराचा काळा चौकोन शोभत होता. एरवी ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणून ती प्रत्येक चित्र आरशात धरून डाव्या-उजव्याची खात्री करायची. या घराची कुणाशी खात्री करायची नव्हती, तेव्हा आरसा तसाच खुंटीला राहिला. एरवी चार-चार दिवस चालणारं काम संध्याकाळी दिवे लागायच्या आत संपलं. रूळ फिरवून तिनं पहिला छाप उचलला, आणि तिला मनातून कबूल करावं लागलं की सोळा घरांतलं सगळ्यात जिवंत घर हेच होतं.

दगडाबाईनं पुस्तक पाहिलं तेव्हा प्रत्येक पानावर तिनं तळहात ठेवला. पंधराव्या पानावर ती थबकली.

“हे कुणाचं, बाई? इथं तर मेंढरं बसायची.”

“कुणाचंच नाही मावशी. पान रिकामं राहत होतं म्हणून काढलं. नको असेल तर…”

दगडाबाईनं पान थोडं लांब धरून पाहिलं. “असू द्या की. लई चांगलं दिसतंय. मला शेजार नव्हता, आता झाला.” मग तिनं शेवटचं पान उघडलं आणि पंजावर आपलं बोट ठेवलं. जाताना दारात थांबून म्हणाली, “गावाकडं एक न्या. वच्छलाबाईला दावा, पाटलाला दावा. मी नाय येत, गुडघं चालत नाहीत. पर काय म्हणत्यात ते मला सांगा.”

संक्रांतीच्या आठवड्यात मनकर्णा एक प्रत घेऊन नव्या घाटशेवरीला गेली. सरळ रेघांत आखलेलं, सिमेंटच्या पत्र्यांचं गाव; मधोमध मारुतीचं देऊळ आणि त्याच्या ओट्यावर ऊन खात बसलेली म्हातारी माणसं. कारभारी पाटील होता, खालच्या आळीतली वच्छलाबाई होती, आणि जरा अंतर ठेवून बसलेला फकिरा धनगर होता, सांडूचा चुलतभाऊ. तिनं पुस्तक उघडून वच्छलाबाईच्या मांडीवर ठेवलं. पाटील तिच्या मागं वाकला, फकिरा होता तिथूनच मान उंच करून बघू लागला.

पहिल्या पानालाच वच्छलाबाईच्या तोंडून “अगं आई” असं निघालं. मग एकेक पान उलटत गेलं तसं बोलणं वाढलं. ही रामकिसनची खिडकी, ही फांदी, ही तीन पायऱ्यांची वाट. पाटलानं आपलं घर आलं तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले. बारा वर्षं पाण्याखाली असलेलं गाव त्या ओट्यावर वर आलं होतं, आणि मनकर्णा, जी कधी कुणाच्या शाबासकीसाठी थांबली नव्हती, ती ओठ दाबून उभी होती.

पंधरावं पान उघडलं. आता हे लोक गोंधळणार, आपण खरं सांगून टाकू, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात वच्छलाबाईनं त्या आखूड फळीवर बोट ठेवलं.

“म्हाळसाबाईचं.”

“तिचंच की,” पाटील म्हणाला. “जातं बघा. तिच्या नवऱ्यानं रागाच्या भरात फोडलं, अन् उरलेली तळी हिनं भितीत बसवली. म्हणली, आता दळायचीच नाय.”

“फळी आखूड, म्हून मांजर आत-बाहेर करायचं,” फकिरा लांबूनच म्हणाला.

मनकर्णा हसली. म्हाताऱ्या माणसांचा घोळ, असं तिला वाटलं. समोर चित्र ठेवलं की माणूस आठवण तयार करतो. पण ती तिघं एकमेकांचं ऐकून बोलत नव्हती, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं, आणि त्यांत कुठं विसंगती नव्हती. म्हाळसाबाई विधवा झाल्यावर एकटी राहायची. गोधड्या शिवायची. पाणी यायच्या दोन वर्षं आधी गेली. मनकर्णानं पिशवीतून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. पंधरा घरांच्या वेळी वाटली नव्हती इतकी उत्सुकता तिला या घरातल्या बाईबद्दल वाटत होती, आणि हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

मग वच्छलाबाईनं शेवटचं पान उलटलं आणि ते डोळ्यांजवळ धरलं.

“हे कुठलं?” पाटलानं विचारलं.

“दगडाबाईचं,” मनकर्णा म्हणाली. “आळीतलं शेवटचं. तिनंच तर मला सगळी घरं सांगितली.”

“आळीतलं शेवटचं घर म्हाळसाबाईचं, बाई. त्याच्याम्होरं नदीच.”

मनकर्णाला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. पाटलांच्या आळीच्या टोकाला धनगराचं घर. जमिनीच्या वाटपात काही झालं असेल, नाव गाळलं असेल, आणि मग बारा वर्षांत ते गाळणंच खरं होऊन बसलं असेल. तिनं फकिराकडं पाहिलं. “तुमच्या चुलतभावाचं घर हे. सांडूचं.”

फकिरा पुढं आला. त्यानं पान नीट पाहिलं, पंजाशी डोळे नेऊन पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, उलट एखाद्याला नाही म्हणताना वाटतो तसा संकोच होता.

“सांडू माझा चुलतभाऊ व्हय. मेंढरं राखायचा. म्हाळसाबाईच्या ओट्यावर निजायचा.” तो म्हणाला. “पर त्याचं लगीन कुठं झालं व्हतं, बाई? बिनलग्नाचाच गेला तो.”

परतताना एसटीत तिनं पुस्तक उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दगडाबाई दारात उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून.

“दावलं?”

“दाखवलं. पाटील रडले.”

“अन् माझं? ओळखलं?”

“ओळखलं की,” मनकर्णा म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतरचे दोन महिने तिनं जे केलं ते शाळेतल्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं. तिनं सुटीतली आपली वही पानापानानं तपासली; म्हाळसाबाई हे नाव त्यात कुठंच नव्हतं. शहरातल्या एका सरकारी कचेरीत बुडालेल्या गावांची दप्तरं होती. तिथल्या कारकुनाला चार चकरा मारून तिनं घाटशेवरीची घरांची यादी काढायला लावली. टाचणीचा गंज उतरलेला, चौदा वर्षांपूर्वी टाइप केलेला कागद. खालची आळी, घरं पंधरा. चौदावं कारभारी पाटलाचं, पंधरावं म्हाळसाबाईचं, मयत, वारस नाही. शेरा: दोन फळ्यांचं दार, एक नादुरुस्त. त्याखाली रेघ ओढून बेरीज घातलेली होती. दगडाबाईच्या रेशनकार्डावर गाव घाटशेवरी होतं, शाळेच्या सेवापुस्तकातही होतं, पण घर कुठलं ते लिहायची दोन्हीकडं जागाच नव्हती.

कागद हातात घेऊन ती तिथल्या बाकावर बसली. भीती अशी वाटत नव्हती. एखाद्या ठशावर आपण न कोरलेली रेघ उमटावी आणि ती नेमकी कुठून आली हे कळेपर्यंत चैन पडू नये, तसं झालं होतं. दगडाबाई खोटं बोलली असेल? मग चौदा घरांच्या पायऱ्या तिला कशा ठाऊक? आणि ती खरं बोलली असेल, तर त्या रविवारी दुपारी आपल्या हातानं काय केलं?

होळीच्या सुमारास तिनं भिकनकडं जाऊन उरलेल्या प्रतींपैकी एक उसवायला सांगितली. पंधरावं घर काढून टाकायचं आणि त्या जागी कोरा कागद घालायचा. भिकननं तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. सुरीनं दोरा कापला, जुज उघडला, पान बदललं आणि पुन्हा शिवून दिलं. घरी जाऊन तिनं त्या पानाचा ठसा कोरणीनं आडवा-उभा खरवडला. नंतरच्या रविवारी ती पुन्हा नव्या घाटशेवरीला गेली आणि ती प्रत वच्छलाबाईपुढं धरली. पानं उलटली. कोरं पान आलं तशी वच्छलाबाईनं त्याच्या मधोमध बोट ठेवलं.

“इथं म्हाळसाबाईचं काढायचं ऱ्हायलं बघा तुमचं.”

शेवटचं पान तिनं उघडलं, परक्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं, आणि पुस्तक मिटून परत दिलं.

दगडाबाई आता वरचेवर यायची. तिच्या खोलीत पुस्तकाची एक प्रत होती आणि ती रोज शेवटचं पान उघडून बसते असं तिनंच सांगितलं. मध्येच ती विचारायची, “वच्छलाबाई काय म्हणली व्हती, सांगा की पुन्यांदा.” आणि मनकर्णा पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालायची: वच्छलाबाईला पंजा आठवतो, आवडी आठवते, तिच्या दोन वेण्या आठवतात. एकदा खोटं बोललं की ते असं वाढत जातं. पण दगडाबाईच्या चेहऱ्यावर ते ऐकताना जे यायचं, ते पाहिल्यावर थांबणं तिला जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात धरण आटलं. पाऊस नसल्यामुळं पाणी एवढं मागं गेलं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली, आणि आजूबाजूच्या नव्या वस्त्यांतून लोक आपली घरं पाहायला जाऊ लागले. ही बातमी दगडाबाईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती सकाळी आली ती बसलीच नाही.

“बाई, मला न्या.”

मनकर्णानं उन्हाचं कारण सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, चिखल असेल म्हणाली. दगडाबाई ऐकत उभी राहिली. “समदी तिथं असतील,” ती म्हणाली. “वच्छलाबाई असंल. भेट व्हईल.” तेव्हा सगळं सांगून टाकायची वेळ होती. मनकर्णाच्या तोंडाशी आलंही होतं. पण ती एवढंच म्हणाली, “उद्या सकाळी जाऊ.”

रस्ता संपला तिथून पुढं दोन मैल चालायचं होतं. तळाचा गाळ वाळून त्याची ढेकळं उलली होती, वाटेत शिंपले, तुटलेली जाळी, एक उलटी पडलेली होडी. लांब पाण्याची पांढरी रेघ दिसत होती आणि वारा भणाणत होता. दहाच्या सुमाराला खालची आळी आली. जोतीच ती, गुडघाभर, मांडीभर. पण रांग तीच होती, वळण तेच होतं. पाच-सहा माणसं तिथं आधीच हिंडत होती. पाटील आपल्या दगडी पायरीवर बसला होता, शेजारी फकिरा उभा होता, आणि वच्छलाबाई डोईवर पदर धरून आपल्या चुलीची जागा शोधत होती.

दगडाबाई गुडघे विसरून पुढं गेली. “वच्छलाबाई! वळखलं का?”

वच्छलाबाईनं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. ती भली बाई होती. परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तिनं आठवायचा प्रयत्नही केला.

“नाय गं बाई. कुठल्या गावची तू?”

दगडाबाईनं पाटलाकडं पाहिलं. फकिराकडं पाहिलं. “भावजी,” ती त्याला म्हणाली, आणि फकिरा ओशाळून इकडंतिकडं बघू लागला, जणू हाक दुसऱ्याच कुणाला मारली होती. मग ती मनकर्णाकडं वळली. त्या नजरेत राग नव्हता. सगळं कळल्यावर माणूस जसा समोरच्याला एकदा पाहून घेतो, तसं तिनं पाहिलं.

“मावशी, मी सांगणार होते…”

“मग माझी आवडी कुठं झाली, बाई?” दगडाबाई हळू आवाजात म्हणाली. मग तिनं नाकापर्यंत आलेला पदर मागं सारला. “चला,” ती म्हणाली. “तुम्हाला माझं घर दावते.”

ती आळीतून पुढं चालू लागली आणि मनकर्णा तिच्यामागून. रामकिसनचं, तीन पायऱ्यांचं, पाटलाचं. पाटलाच्या जोत्यापुढं कंबरभर उंचीचा भिंतीचा एक तुकडा शिल्लक होता आणि त्यात, गाळानं लिंपलेली, जात्याची तळी उभी बसवलेली होती. मनकर्णानं तिच्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. दाराची जागा डाव्या अंगाला, छापात आली होती तशीच. दगडाबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. शेजाऱ्याच्या घरावरून जावं तशी ती पुढं गेली.

पुढं काही नव्हतं. उललेली सपाट जमीन थेट पाण्यापर्यंत उतरत गेली होती. एक दगड नाही, जोत्याची खूण नाही. दगडाबाई वीस-पंचवीस पावलं चालली आणि थांबली. तिनं पायातल्या चपला काढल्या, एकमेकींना लावून नीट ठेवल्या. मग बुटक्या दारातून जाताना वाकावं तशी ती वाकली, एक पाय उचलून कशावरून तरी पलीकडं टाकला, आणि आत गेल्यासारखी दोन पावलं जाऊन खाली बसली.

मनकर्णा पाहत राहिली. मागं सगळे आळीच्या टोकाशी येऊन उभे राहिल्याचं तिला जाणवत होतं. कुणी हसलं नाही.

“या की आत, बाई,” दगडाबाईची हाक आली. “उन्हात कशापायी उभ्या?”

मनकर्णाच्या अंगावरचा पदर वाऱ्यानं फडफडत होता. त्या वाऱ्यात चार पावलांवरचं बोलणंही फाटून जात होतं. पण ही हाक फाटली नव्हती. ती जराशी दबलेली, गोलसर होती, दाराबाहेर उभं राहून मातीच्या भिंतीतून ऐकावी तशी, आणि तिच्यामागं, घरात दुसरं कुणीतरी असावं तशी, एक बारीकशी हालचाल होती.

ते काय आहे हे पाहिल्याशिवाय तिला राहवलं नसतं. तिनं चपला काढून त्या दुसऱ्या जोडाशेजारी ठेवल्या, कपाळाला लागू नये म्हणून मान खाली घातली, आणि पाय उचलून पलीकडं टाकला.

आत गार होतं.

डोळे अंधाराला सरावायच्या आधी तिला बाहेर पावलं ऐकू आली. ती अगदी जवळ येऊन थांबली. मग फकिराचा आवाज आला, नुसती चौकशी करावी तसा, साधा.

“ह्या चपला कुणाच्या रं?”